जुनी अमेरिकन मसल कार नव्याने उभी करायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी मंडळींपैकी कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात दर उन्हाळ्यात हा किडा वळवळतो. घर झालं, गॅरेजमध्ये एका गाडीची जागा मोकळी आहे, आता एक जुनी व्ही-८, म्हणजे आठ सिलेंडरची गाडी, घेऊन हाताने उभी करावी. मग फोन येतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून ते एकदाचे इथे लिहून काढले. उदाहरणं बहुतेक पहिल्या पिढीच्या शेव्हरोले कॅमारोची, म्हणजे १९६७ ते १९६९ ची आहेत. इतर गाड्यांचा उल्लेख लागेल तिथे येईल.

मसल कार म्हणजे नेमकी कुठली गाडी?

मध्यम आकाराची, दोन दारांची, साधी अमेरिकन गाडी आणि तिच्या पोटात मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन. सुरुवात सर्वसाधारणपणे १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून मानतात. जनरल मोटर्सचा तेव्हा दंडक होता की या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिअ‍ॅकचा मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचांचं इंजिन 'वेगळं मॉडेल' म्हणून न आणता टेम्पेस्ट लमॉन्सच्या पर्यायांच्या यादीत घातलं आणि पळवाट काढली. पुढे १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा, विम्याचे फुगलेले हप्ते आणि १९७३ चं तेलसंकट यांनी हा खेळ आटोपला.

कॅमारो आणि फोर्ड मस्टँग या खऱ्या मसल कार नव्हेत, त्या 'पोनी कार', म्हणजे आकाराने लहान स्पोर्टी गाड्या, असं सांगणारे भेटतीलच. त्यांच्याशी वाद घालू नका. गंज दोघींनाही सारखाच लागतो.

१९७१ च्या शेव्हरोले चेव्हेलमधल्या ४५४ घनइंचांच्या इंजिनाला ३६५ हॉर्सपॉवर आणि १९७२ मध्ये त्याच इंजिनाला २७०. एका वर्षात इंजिन एवढं मेलं?

नाही, बराचसा फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे. आधीचे आकडे 'ग्रॉस', म्हणजे इंजिन टेबलावर ठेवून, पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर न लावता घेतलेले. १९७२ पासून 'नेट' आकडे छापायला लागले, सगळी उपकरणं जोडून घेतलेले. जाहिरात वाचून गाडी निवडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पहिल्या प्रकल्पासाठी कुठली गाडी घ्यावी?

जिचे सुटे भाग कॅटलॉग उघडून मागवता येतात ती. पहिली निवड १९६७-६९ ची कॅमारो, १९६५ ते १९७० ची मस्टँग किंवा १९६८ ते १९७२ ची चेव्हेल. या गाड्या लाखांनी बनल्या. कॅमारोच तिन्ही वर्षं दरवर्षी दोन लाखांहून जास्त बनली. त्यामुळे गिऱ्हाईक आहे आणि गिऱ्हाईक आहे म्हणून आज नवे भाग बनतात. फ्लोअरचा पत्रा, मडगार्ड, दारं, वायरिंग, सीटचं कापड, अगदी ग्लोव्ह बॉक्सचं झाकणसुद्धा मिळतं. डायनाकॉर्न ही कंपनी तर १९६९ च्या कॅमारोची अख्खी बॉडी नव्याने बनवून देते.

डॉज चार्जर, प्लिमथ रोड रनर या क्रायस्लरच्या गाड्या देखण्या आहेत, पण तेवढ्याच हालतीची गाडी आणि तेवढाच भाग जास्त पैशांत पडतो. एएमसी जॅव्हलिन स्वस्तात दिसली की मन ओढ घेतं. पण शोभेच्या पट्ट्या आणि डॅशबोर्डचे प्लॅस्टिकचे तुकडे शोधण्यातच वर्षं जातील. ती दुसऱ्या-तिसऱ्या गाडीच्या वेळी.

आणखी एक, कमी लोक ऐकतात तो सल्ला: मूळची सहा सिलेंडरची कॅमारो बघा. व्हिन नंबर, म्हणजे आपला चासी नंबर, १२३ ने सुरू होत असेल तर ती सहा सिलेंडरची, १२४ ने सुरू होत असेल तर व्ही-८. सहा सिलेंडरवाल्या गाड्या बहुतेकदा कमी पिळलेल्या असतात आणि किंमतही कमी. तिच्यात पुढे व्ही-८ बसवलं तर इतिहासाचा अपमान केल्याची टोचणी लागत नाही. खऱ्या झेड/२८ ला, म्हणजे कॅमारोच्या शर्यतीसाठीच्या दुर्मीळ आवृत्तीला, भोक पाडताना हात थरथरायलाच हवा. १९६७ मध्ये त्या फक्त ६०२ बनल्या होत्या.

चालती पण महाग गाडी घ्यावी, की मोडकी स्वस्त?

चालती. पूर्ण. खिशाला झेपेल तेवढी चांगली.

'खोलून ठेवली आहे, सगळे भाग खोक्यांत आहेत' अशी जाहिरात दिसली की पुढे सरका. सगळे भाग खोक्यांत कधीच नसतात. आणि दुसऱ्याने खोललेली गाडी जोडताना कुठला बोल्ट कुठला हे सांगणारं कुणी उरत नाही. मोटारीचे प्रकल्प पैशांअभावी रखडतात असं लोक म्हणतात. मी पाहिलंय ते असं की गाडी पूर्ण खोलली जाते, उत्साह त्याच वेगाने ओसरतो, आणि मग अर्ध्या किमतीला तीच जाहिरात निघते. चालती गाडी असली की एका हिवाळ्यात ब्रेक, दुसऱ्यात पुढचं सस्पेन्शन, तिसऱ्यात आतलं काम असं टप्प्याटप्प्याने करता येतं आणि मधल्या उन्हाळ्यात ती चालवताही येते.

गाडी बघायला गेल्यावर काय तपासायचं?

इंजिनाचा आवाज शेवटी. आधी पत्रा, कारण पैसा तिथे जिरतो. इंजिन बांधून घेणं हे ठरलेलं काम आहे, दर विचारता येतो. गंजाचं तसं नाही. वरून बोटभर दिसला तर आत वीतभर असतो.

कॅमारोत पाणी कुठून शिरतं ते समजून घेतलं की गंज कुठे शोधायचा ते आपोआप कळतं. पुढच्या काचेच्या खाली, वायपरजवळ, हवा आत घेणारी जाळी असते. तिच्या खालच्या पन्हाळीला काउल म्हणतात. तिथे पानं आणि माती साठून कुजते, पत्रा सडतो आणि पाणी थेट पायाखाली येतं. म्हणून कार्पेट उचला, पुढच्या प्रवाशाच्या पायाशी ओल किंवा ठिगळ आहे का बघा. शक्य असेल तर जाळीतून पाण्याची बाटली ओता. पाणी पुढच्या मडगार्डांच्या मागून जमिनीवर पडलं पाहिजे, गाडीत नाही.

दुसरी जागा मागच्या काचेच्या खालचे दोन कोपरे. तिथून पाणी डिकीत उतरतं. डिकीतली चटई काढून तळ आणि दोन्ही बाजूंचे खळगे पाहा. तिसरी जागा मागच्या चाकांच्या मागे-पुढे, क्वार्टर पॅनेलचा खालचा भाग. इथे लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. छतावर व्हिनाइलचं कव्हर असेल तर त्याच्याखाली गंज आहे असंच धरून चाला. फुगे आलेले दिसले तर धरायचीही गरज नाही.

आता गाडीखाली जा. कॅमारोच्या पुढच्या भागाला वेगळी सबफ्रेम असते, ती बॉडीला बोल्टने जोडलेली असते, आणि मागची अर्धी गाडी म्हणजे पत्र्याचाच सांगाडा. चेव्हेलला मात्र पूर्ण लांबीची फ्रेम असते. मस्टँग आणि क्रायस्लरच्या गाड्यांत फ्रेमच नाही, सगळा भार पत्र्यावर. म्हणून कॅमारोत सबफ्रेम जिथे बॉडीला लागते ते चार बिंदू आणि मागच्या पाट्यांची टोकं जिथे अडकतात ती जागा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. मालकाची परवानगी घेऊन.

दार अर्धं उघडून टोकाला वर उचला. हललं तर बिजागरीच्या पिना झिजल्या आहेत. हे स्वस्त काम आहे, घाबरू नका, पण भाव पाडायला उपयोगी.

गाडी कुठल्या राज्यात वाढली हेही विचारा. मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनियात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. अ‍ॅरिझोना किंवा नेवाडाची गाडी ट्रकवर घालून आणण्याचा खर्च फ्लोअर बदलण्यापेक्षा कमीच पडतो. मात्र वाळवंटातल्या गाडीचे रबर, डॅशबोर्ड आणि सीट उन्हाने पापडासारखे झालेले असतात. ते विकत मिळतं.

विकणारा म्हणतो 'ओरिजिनल एसएस' (सुपर स्पोर्ट, कॅमारोची जोरदार आवृत्ती) आहे. खरं कसं ओळखायचं?

कॅमारोत हे सर्वांत अवघड आहे, कारण चासी नंबर एसएस आहे की नाही ते सांगतच नाही. १९६९ चा नंबर १२४३७९एन५ असा सुरू होतो. १ म्हणजे शेव्हरोले, २४ म्हणजे व्ही-८ कॅमारो, ३७ म्हणजे कूपे (६७ असेल तर कन्व्हर्टिबल), ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे ओहायोतला नॉरवुडचा कारखाना. तिथे एल असेल तर कॅलिफोर्नियातला व्हॅन नायसचा. त्यानंतर अनुक्रमांक. बस. १९६७ मध्ये या नंबरची पट्टी चालकाच्या दाराच्या खांबावर असते, १९६८ पासून डॅशबोर्डवर काचेतून दिसते.

इंजिनाच्या ठोकळ्यावर, प्रवाशाच्या बाजूच्या हेडच्या अगदी पुढे, एक सपाट जागा असते. तिथे दोन शिक्के शोधा. एक कारखान्याचा, तारीख आणि दोन अक्षरांचा कोड. उदाहरणार्थ १९६९ च्या झेड/२८ मधल्या ३०२ इंजिनाला डीझेड. दुसरा शिक्का चासी नंबरचाच तुकडा, १९एन५ असा सुरू होणारा. हा गाडीच्या नंबराशी जुळला तर 'नंबर्स मॅचिंग'. अर्थात शिक्के नव्याने ठोकणारेही आहेत. त्या जागेवर कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेषा दिसल्या पाहिजेत. आरशासारखी गुळगुळीत जागा आणि वर ठळक अक्षरं असतील तर मी तरी जादा पैसे देणार नाही.

इंजिनामागच्या भिंतीवर बॉडीची पट्टी असते. तिच्यावर रंगाचा आणि आतल्या कापडाचा कोड आणि बनल्याचा महिना-आठवडा मिळतो. '०४बी' म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा. १९६९ मध्ये '७२ ७२' दिसलं तर ती हगर ऑरेंज. डिसेंबर १९६८ नंतरच्या नॉरवुडच्या गाड्यांवर एक्सने सुरू होणारा कोडही असतो. एक्स-३३ आणि एक्स-७७ म्हणजे झेड/२८. एक्स-११ वर मात्र भुलू नका. तो एसएसवरही असतो आणि नुसत्या शोभेच्या पट्ट्या लावलेल्या साध्या गाडीवरही.

कागद हाच खरा पुरावा. १९६७ पासूनच्या फोर्डची माहिती मार्टी ऑटो वर्क्सकडून विकत मिळते, पॉन्टिअ‍ॅकची पीएचएसकडून (पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस), आणि कॅनडात विकल्या गेलेल्या जनरल मोटर्सच्या, म्हणजे जीएमच्या, गाड्यांची जीएम कॅनडाकडून. क्रायस्लरवाले सुखी, त्यांच्या चासी नंबरचं पाचवं अक्षरच इंजिन सांगतं. अमेरिकेत विकलेल्या कॅमारोसाठी मात्र अशी खिडकी नाही. बिल्ड शीट नावाचा कागद कधीकधी पेट्रोलच्या टाकीवर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो. सापडला तर आधी फोटो, मग हात.

पुरावा नसेल तर साध्या कॅमारोचे पैसे द्या. त्यावर एसएसचं बोनेट आणि बिल्ले लावा, कुणी अडवणार नाही. फक्त विकताना खरं सांगा.

टायटल (मालकीचा कागद) नाही म्हणतोय, पण गाडी फार स्वस्त आहे. घेऊ का?

नको. टायटलवरचा नंबर आणि गाडीवरची पट्टी एकेक आकडा जुळवा, कर्जाचा बोजा शिल्लक नाही ना ते बघा. पट्टीचे रिव्हेट गुलाबाच्या पाकळ्यांसारखे हवेत. साधे गोल पॉप रिव्हेट दिसले तर प्रश्न विचारा. एका गाडीची पट्टी काढून दुसरीवर लावणं हा गुन्हा आहे, आणि गाडी जप्त झाली तर तुमचे पैसेही तिच्यासोबत जातात.

एकूण खर्च किती येईल?

गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, आणि बहुधा तयार गाडीच्या बाजारभावापेक्षाही जास्त. पैसे कमवायचे असतील तर तयार गाडी विकत घ्या. दुसऱ्या कुणीतरी तोटा आधीच सोसलेला असतो.

खर्चात डेंटिंग-पेंटिंग सर्वांत वर, त्यातही तासांची मजुरी. मग इंजिन-गिअरबॉक्स, मग आतलं काम आणि क्रोम. जुन्या बंपरवर पुन्हा क्रोम चढवण्यापेक्षा नवा बंपर स्वस्त पडतो हे अनेकांना उशिरा कळतं. माझी पद्धत साधी आहे: कॅटलॉग समोर ठेवून भागन् भाग लिहायचा, बेरीज करायची आणि वर एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवायची. ती लागतेच.

मी आयटीत आहे. आयुष्यात पाना धरलेला नाही. जमेल?

जमेल, सगळं नाही. बोल्टने निघणारं सगळं जमेल: ब्रेक, सस्पेन्शन, रेडिएटर, वायरिंग, सीट. या गाड्यांत कॉम्प्युटर नाही आणि बोनेट उघडलं की हात आत जातो. वेल्डिंग शिकायचं असेल तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचे वर्ग असतात. बॉडीवर्कचेही असतात, काही ठिकाणी आपला मडगार्ड घेऊन जाता येतो. इंजिनाचं बोअरिंग, क्रँक घासणं ही मशीन शॉपची कामं. ती कुणीच घरी करत नाही.

भारतात दहा-बारा, बारा-तेरा नंबरच्या पान्यांवर हात बसलेल्यांसाठी एक सूचना. या गाड्या इंचांच्या आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे तेरा नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि पन्नास वर्षांचा गंजलेला बोल्ट जोर लावताच गोल होतो. ७/१६, १/२, ९/१६, ५/८ हे चार पाने आणि सॉकेट चांगल्या प्रतीचे घ्या. बाकी टॉर्क रेंच, चार भक्कम जॅक स्टँड आणि आत मुरणारं गंजनाशक तेल. इंजिन उचलायची क्रेन भाड्याने मिळते, ती विकत घेऊन गॅरेज अडवू नका.

जागा किती लागते?

खोललेली गाडी उभ्या गाडीच्या दुप्पट-तिप्पट जागा खाते. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर थांबा. स्वतःचं घर असलं तरी सोसायटीचे, म्हणजे एचओएचे, नियम आधी वाचा. बंद गाडी ड्राइव्ह-वेत उभी करायला अनेक गावांत मनाई असते.

गाडी घरी आली. आता पहिलं काम कुठलं?

काहीही खोलू नका. धुवा. बाहेरून, आतून, खालून, बोनेटखालून फोटो काढा. शेकड्यांनी काढा, वायर कुठून कशी गेली आहे, कुठल्या बोल्टखाली कुठला वायसर आहे.

मग कागदावर एक वाक्य लिहा: ही गाडी कशासाठी? रविवारी फिरवायला, प्रदर्शनात कारखान्यातून निघाल्यासारखी दाखवायला, की नव्या इंजिन-ब्रेकसह रोज पळवायला? या तीन वेगवेगळ्या गाड्या आहेत. प्रदर्शनवाल्याला गाडीच्या काळाशी जुळणाऱ्या तारखेच्या शिक्क्याचा अल्टरनेटर लागतो, फिरवणाऱ्याला चालणारा. हे न ठरवता खरेदी करणारे एकच भाग दोनदा घेतात.

खोलताना काय पथ्य पाळायचं?

एका वेळी एक विभाग. प्रत्येक विभागाचे नट-बोल्ट वेगळ्या झिपच्या पिशवीत, वर मार्करने नाव. जुना भाग नवा बसेपर्यंत फेकायचा नाही, कितीही कुजलेला असो, कारण नवा भाग जुळतो की नाही हे जुन्याशी ताडूनच कळतं. कारखान्याची असेंब्ली मॅन्युअल छापून मिळते. जुळणी करणाऱ्या कामगारांसाठीची ती चित्रं अजूनही सर्वांत खात्रीची.

फ्लोअर किंवा रॉकर (दारांखालची पत्र्याची तुळई) कापायचे असतील तर आधी दारांच्या चौकटीत लोखंडी पट्ट्यांचे आडवे-तिरपे टेकू वेल्ड करा आणि एका वेळी एकच बाजू कापा. नाहीतर बॉडी वाकते आणि पुढे दारं कधीच नीट लागत नाहीत. कन्व्हर्टिबलला हे दुप्पट लागू.

वर्षानुवर्षं बंद असलेलं इंजिन सुरू करून बघू का?

बघा, पण किल्ली फिरवायच्या आधी बरंच काम आहे. सगळे स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं पातळ तेल सोडा आणि काही दिवस तसंच ठेवा. मग इंजिन हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका. स्टार्टर तर मुळीच मारू नका, चिकटलेली रिंग किंवा अडकलेला व्हॉल्व्ह असेल तर दुरुस्तीवर भागलं असतं ते काम नव्या इंजिनावर जातं.

फिरलं तर जुनं तेल आणि फिल्टर बदला. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकमध्ये, म्हणजे लहान घडणीच्या व्ही-८ इंजिनात, तेलाचा पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर चालतो. डिस्ट्रिब्युटर बाहेर काढून, त्याजागी प्राइमिंगचा दांडा घालून ड्रिलने पंप फिरवला की इंजिन सुरू न करता सगळीकडे तेल पोचतं. डिस्ट्रिब्युटर परत बसवताना रोटरची दिशा काढतानासारखीच हवी. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२.

टाकीतलं पेट्रोल वापरू नका. जुनं पेट्रोल वॉर्निशसारखं वास मारतं आणि कार्बोरेटर बुजवतं. वेगळ्या डब्यातून ताजं द्या. हाताशी अग्निशामक ठेवा, घराला लागून असलेल्या गॅरेजात नको, बाहेर उघड्यावर करा. सुरू झाल्यावर गरम इंजिनाचं कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती यापेक्षा आठही सिलेंडर एकमेकांच्या जवळ आहेत का हे महत्त्वाचं.

इंजिन बांधायला देताना मशीन शॉपला काय सांगायचं?

सर्वांत आधी हे: ठोकळ्याचा वरचा पृष्ठभाग घासायचा असेल तर शिक्क्याची जागा सोडून. नेहमीच्या सवयीने यंत्रावर चढवलं की त्या दोन ओळी बुरादा होऊन जातात आणि 'नंबर्स मॅचिंग' गाडीची किंमत त्यांच्याबरोबर. लेखी द्या, ठोकळ्यावर मार्करनेही लिहा.

३५० घनइंचांच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, ४ इंच असतो, तो बहुधा हजारातल्या ३० भागांनी वाढवावा लागतो. हेड उघडलेलेच असतील तर कठीण पोलादी व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. या इंजिनांची सीट शिसं घातलेल्या पेट्रोलच्या आधारावर टिकत असे आणि ते रस्त्यावरच्या गाड्यांसाठी अमेरिकेत १९९६ पासून बंद आहे. मात्र चांगल्या चालणाऱ्या इंजिनाचे हेड निव्वळ यासाठी काढू नका. फिरायच्या गाडीत झीज हळू होते.

कॅमशाफ्टचं नीट ऐका. जुन्या सपाट टॅपेटच्या कॅमला तेलातलं झिंक लागतं आणि आजच्या गाड्यांच्या तेलात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी ते कमी केलेलं आहे. नवा कॅम असेल तर झिंकवालं ब्रेक-इन तेल घाला आणि पहिल्यांदा सुरू झाल्यावर आयडलवर न ठेवता साधारण २००० ते २५०० आरपीएमवर वीस-तीस मिनिटं चालवा. म्हणजे पाणी, टायमिंग, पेट्रोल सगळं आधीच बरोबर हवं. मध्येच बंद करून शोधाशोध करायची वेळ ती नव्हे. रोलर कॅम महाग आहे, पण ही सगळी काळजी मिटते.

ब्रेक मूळचेच ठेवावेत का?

१९६६ आणि आधीच्या बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलेंडरला एकच कप्पा असतो. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. तो दोन कप्प्यांचा करून घ्या, कितीही 'ओरिजिनल' हवी असली तरी. १९६७ पासूनच्या कॅमारोत दोन कप्पे मुळातच आहेत, पण पुढे ड्रम असतील तर डिस्क बसवणं एका शनिवार-रविवारचं काम आहे आणि मूळ भाग खोक्यात जपून ठेवता येतात. लोखंडी पाइप आणि रबरी नळ्या सरसकट नव्या. पेट्रोलच्या नळ्याही; इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुनं रबर खातं. टायर नवे दिसले तरी बाजूचा चार आकडी शिक्का वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर गेल्या शतकातले आहेत.

धोके कुठले?

जुन्या ब्रेक आणि क्लचच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. हवेच्या झोताने उडवू नका, ओलं करून पुसा. जुन्या रंगात आणि छत-क्वार्टरच्या सांध्यात शिसं असतं. नव्या दोन घटकांच्या रंगातलं आयसोसायनेट साध्या मास्कने थांबत नाही, त्याला हवा पुरवणारा मुखवटा लागतो. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जायचं नाही.

रंग घरी मारता येईल का?

तयारी घरी, शेवटचा हात व्यावसायिक बूथमध्ये, असं माझं मत. निम्मं बिल तयारीचंच असतं. पत्रा उघडा केल्यावर लगेच एपॉक्सी प्रायमर लावा, दमट हवेत रात्रीत गंज धरतो. वाळूचा जोरदार मारा सपाट पत्र्यावर करू देऊ नका. बोनेट आणि दारं लाटांसारखी होतात. रंगाआधी सगळे पत्रे जागेवर बसवून दारांच्या फटी एकसारख्या करा. त्या काळी जीएम अ‍ॅक्रिलिक लॅकर मारत असे. आजचा रंग आणि वर क्लिअर कोट त्याहून टिकाऊ, पण कारखान्याच्या मानाने जास्तच चकचकीत दिसतो.

विमा आणि नंबर प्लेटचं काय?

नेहमीचा विमा घसारा धरून किंमत देतो. 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू' मागा, म्हणजे आधी ठरलेली रक्कम. मिशिगनच्या ट्रॅव्हर्स सिटीतली हॅगर्टी यासारख्या कंपन्या अर्धवट काम झालेल्या गाडीचाही विमा उतरवतात, मात्र बहुधा रोजच्या वापराला दुसरी गाडी आणि बंद गॅरेज असावं अशी अट असते. बिलं आणि फोटो जपून ठेवा. किंमत त्यावरूनच ठरते.

प्लेटचे नियम राज्याराज्यात वेगळे. मिशिगनमध्ये २६ वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला ऐतिहासिक प्लेट मिळते, ती प्रदर्शनं, मिरवणुका, क्लबचे कार्यक्रम यापुरती. ऑगस्टमध्ये मात्र कशासाठीही चालवता येते, आणि डेट्रॉईटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरचा ड्रीम क्रूझही ऑगस्टातच असतो. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धूर-तपासणी माफ आहे.

तयार झाल्यावर पुण्याला नेता येईल का?

नोंदणीचा मार्ग आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, फारसे बदल न केलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' ठरते, तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. नोंदणी शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. स्टिअरिंग डावीकडे असल्याने मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे इशारा देणारं चालू उपकरणही लागतं. रेस्टोमॉड करून, म्हणजे जुन्या बॉडीत नवे भाग घालून, इंजिन-सस्पेन्शन बदललेलं असेल तर 'फारसे बदल नाहीत' ही अट आड येऊ शकते, म्हणून हा विचार असेल तर तो सुरुवातीच्या त्या एका वाक्यात लिहा. आयात शुल्काची आणि परवान्याची स्थिती कस्टम्स एजंटकडून लेखी घ्या, आणि ती हातात आल्याशिवाय जहाजाची जागा आरक्षित करू नका.